एका गंजातलं रात्रीचं जेवण

कापूस वेचून आलेल्या बाईला संध्याकाळी दोन-दोन भांडी चढवायला उसंत नसते. दसऱ्याच्या आसपास वेचणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या बाया सकाळी कमरेला ओटी बांधून निघतात आणि दिवेलागणीला परततात. मजुरी किलोवर मिळते, म्हणून दिसेनासं होईपर्यंत हात थांबत नाहीत. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटं खरचटलेली, कंबर धरलेली, आणि घरी चूल थंड. मग पाणी भरायचं, पोरांना आवरायचं, म्हाताऱ्यांना चहा द्यायचा, आणि त्यानंतर स्वयंपाक. त्या रात्री त्या घरात काय शिजतं आणि त्यातून पोट भरण्यापलीकडे अंगाला काय मिळतं, ते पाहायला मी घाटंजी-पांढरकवडा भागात गेले होते.

संपादकांनी विषय दिला होता ‘एक चूल, एक भांडं’. पदार्थ मी निवडायचा होता. मी कोंबडी आणि धान्य एकत्र शिजवलेलं जेवण निवडलं. यवतमाळात कोंबडी म्हटली की लाल तर्रीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी हेच डोळ्यांपुढे येतं, आणि या जोडीला तोड नाही हे मलाही मान्य आहे. पण रस्सा-भाकरीत रस्सा उतरला तरी बाईची सुटका होत नाही. सगळे जेवायला बसतात तेव्हा ती तव्यापुढे असते, एकेक भाकरी थापून वाढत असते. थकलेल्या दिवशी हे होत नाही. मग रेशनचा तांदूळ, त्यात मूठभर डाळ, तिखट-मीठ आणि खिचडी. वेचणीच्या हंगामातली बहुतेक रात्रींची जेवणं अशीच उरकतात.

याच भागातल्या वयस्कर बायांकडून मी ज्वारीच्या कण्यांबद्दल ऐकत आले होते. कण्या ताकाबरोबर, कण्या अंबाडीच्या भाजीत, आणि घरात कोंबडी कापली असेल तर कण्या रश्शातच. सगळ्यांचं जेवण एका गंजात. हे शेवटचं मी कधी खाल्लं नव्हतं. कण्यांना गरिबाचं खाणं म्हणून इतकं खाली बसवलं गेलं, की पाहुण्यांपुढे कुणी त्यांचं नाव काढत नाही आणि पाककृतींच्या पुस्तकांतही त्या सापडल्याच तर कोपऱ्यात सापडतात.

गिरणीवरची अडचण

कण्या म्हणजे ज्वारीचा भरडा, पण चांगल्या कण्या नुसत्या भरडून होत नाहीत. ज्वारी निवडायची, तिच्यावर पाण्याचा हबका मारायचा, थोडा वेळ झाकून ठेवायची आणि उखळात कांडायची. ओलसर झालेलं साल मुसळाच्या माराने सुटतं, कोंडा होऊन वर येतं. तो सुपाने पाखडून टाकला की उजळलेली ज्वारी वाळवून जात्यावर सैलसर भरडायची. चाळणीखाली पडतं ते पीठ, त्यावर रवा, आणि चाळणीत उरतात त्या कण्या. पिठाची आंबील होते, रव्याचा सांजा होतो, कोंडा कोंबड्यांना जातो. एका धान्याचे इतके वाटे करणारी ही व्यवस्था पूर्णपणे बायांच्या हातांवर चालत होती. ती बंद पडली यात मला हळहळ वाटत नाही. पहाटे तीनला उठून जातं ओढणं पुन्हा कुणाच्या नशिबी येऊ नये.

आता भरडा गिरणीवर होतो, आणि तिथे वेगळीच अडचण आहे. गावातली चक्की दिवसभर गहू दळते. भरड्यासाठी दगड सैल करावे लागतात, आधीचं पीठ झटकावं लागतं, आणि नंतर दगड पुन्हा बसवावे लागतात. किलोभर ज्वारीसाठी गिरणीवाला एवढं करत नाही. मी गेले त्या गावच्या गिरणीवर पाच किलोच्या खाली भरडा मिळत नव्हता. घरची ज्वारी नसलेल्या मजूर कुटुंबाला एकदम पाच किलो विकत घेणं परवडत नाही. कण्या घरात न शिजण्यामागे चवीपेक्षा ही साधी अट जास्त आहे, असं मला तिथल्या बाकावर बसून वाटलं.

गिरणीच्या भरड्यात साल तसंच राहतं. त्याचा एक फायदा होतो. ज्वारीतला चोथा आणि लोह यांचा मोठा वाटा सालात आणि सालाजवळ असतो. तोटा असा, की शिजायला वेळ जास्त लागतो आणि जिभेला थोडं खरखरीत लागतं. म्हणून या कण्या भिजवाव्याच लागतात.

आधी कोंबडी, मग कण्या

घाटंजी तालुक्यातल्या ज्या घरी मी बसले होते तिथल्या बाईने सकाळी शेतात निघतानाच कण्या भिजत घातल्या होत्या. संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा पाण्याला किंचित आंबूस वास आला होता. दिवसभराच्या उबेत थोडं आंबणं होतंच, आणि त्याने ज्वारीचा उग्रपणा कमी होतो. तिने वरचं पाणी निथळून टाकलं आणि कण्या बाजूला ठेवल्या.

चुलीशेजारी मागच्या सालच्या पऱ्हाटीचा भारा होता. कापसाची झाडं हंगाम संपल्यावर उपटून, वाळवून रचून ठेवतात. वर्षभराचं सरपण त्यातून निघतं. पऱ्हाटी भसाभस पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते. तुराटीही तशीच. फोडणी, उकळी यांना हा जाळ उत्तम. पण कण्या शिजायला मंद, टिकणारी आच लागते, त्यासाठी बाभळीचं एखादं लाकूड जपून ठेवलेलं असतं. तिने सुरुवात पऱ्हाटीवर केली आणि शेवट बाभळीच्या निखाऱ्यावर. घरात गॅसची टाकी होती. ती सकाळच्या चहाला आणि पावसाळ्यात सरपण भिजतं तेव्हाला राखलेली. टी-१ वाघिणीची दहशत होती त्या काळात या पट्ट्यातल्या बायांना काडीकाटक्यांसाठी जंगलाच्या कडेला जायचीही भीती वाटायची. ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, त्याआधीची दोन वर्षं राळेगाव-पांढरकवडा भागात दिवस मावळायच्या आत घर गाठायचं, असा शिरस्ता होता. तेव्हापासून पऱ्हाटी आणखी सांभाळून रचतो, असं ती म्हणाली.

कोंबडी घरचीच होती, अजून अंड्यावर न आलेली तलंग. एक कांदा निखाऱ्यात भाजला, लसणाचा अख्खा गड्डा सोलला, आल्याचा तुकडा, चमचाभर धने, थोडं जिरं आणि सुक्या खोबऱ्याची एवढीशी काप. हे सगळं पाट्यावर ओबडधोबड वाटलं गेलं. गंजात पळीभर तेल. कापलेला कांदा लाल झाल्यावर वाटण, हळद, तिखट, आणि त्यावर कोंबडी. मीठ घालून ती झाकणावर पाणी ठेवून वाफवली. अंगचं पाणी सुटल्यावर गरम पाणी ओतलं आणि गंज जाळावर सोडून दिला.

कण्या लगेच का टाकायच्या नाहीत, हे मी विचारलं.

“आधी कोंबडी शिजू द्या लागते, ताई. कण्या आधी टाकल्या त बुडाले लागते, अन् कोंबडी राह्यते कच्ची.”

या एका वाक्यात या पदार्थाचं सगळं तंत्र आहे. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च गव्हापेक्षा जास्त तापमानाला फुलतो आणि फुलायला लागला की भरपूर पाणी ओढून घेतो. रस्सा दाट झाला की उकळी गंजभर फिरत नाही. तळाशी करपतं आणि वर मांस कोमटच राहतं. गावरान कोंबडीला तास-सव्वा तास लागतो आणि भिजवलेल्या कण्यांना पाऊण तास. म्हणून कोंबडी अर्ध्याहून जास्त शिजल्यावर कण्या पडायच्या. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी मात्र जेमतेम सहा आठवड्यांची असते, पंचवीस मिनिटांत मऊ होते. ती आणली असेल तर हाच क्रम उलटतो. मसाल्याच्या पाण्यात कण्या अर्ध्या शिजवून घ्यायच्या, रस्सा अजून पातळ असतानाच कोंबडी घालायची आणि ढवळत राहायचं. शेजारच्या घरात ब्रॉयलर आणून गावरानाच्या क्रमाने शिजवतात. त्यांच्या गंजात मांसाचे दोरे होतात आणि चव पाण्यात जाते.

कण्यांबरोबर तिने ओंजळभर मूगडाळ टाकली, वालाच्या चार शेंगा मोडून टाकल्या. मग बसून ढवळणं सुरू झालं. दर थोड्या वेळाने सराटा तळापर्यंत न्यायचा, बूड खरवडायचं, आणि दाटपणा वाढला की शेजारी उकळत ठेवलेलं पाणी ओतायचं. गार पाणी ओतलं की कण्या आकसतात आणि आतून टणक राहतात, म्हणून चुलीच्या कडेला पाण्याचं भांडं कायम. शेवटी तिने झाऱ्याने कोंबडीचे तुकडे बाहेर काढले, परातीत गार होऊ दिले, बोटांनी मांस हाडांवरून सोडवलं आणि रेशे करून पुन्हा गंजात घातलं.

“लायन्या पोरायच्या घशात हाडं अडकते, म्हनून मी येचून काढतो.”

वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. लिंबू किंवा दुसरं काहीही आंबट शिजताना घालायचं नाही. आंबट पडलं की डाळ आणि दाणे मऊ व्हायला नाकारतात. ताटात वाढताना पिळायचं.

चव कशी होती? कोंबडीचा रस कण्याकण्यात उतरलेला, आणि भातात मिळत नाही असा एक दाताखालचा कणीदारपणा. रश्शाची धार यात नाही, ज्यांना तर्री हवी त्यांनी ती इथे शोधू नये. पण जवसाची चटणी आणि कच्चा कांदा बाजूला असेल तर मला दुसरं काही लागलं नाही.

पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे

मांस आणि भरडलेलं धान्य एकत्र शिजवणं या जिल्ह्याला नवं नाही. पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा या गावांतल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये मोहरमच्या दिवसांत खिचडा होतो. कांडलेला गहू, दोन-तीन डाळी आणि मांस मोठ्या देगात रात्रभर शिजत राहतं. लाकडी घोटणीने घोटायला मोहल्ल्यातली पोरं पाळी लावतात, आणि सकाळी तो घरोघर वाटला जातो, शेजारच्या हिंदू घरांतही जातो. एकाच भांड्यातून अख्ख्या वस्तीने जेवण्याची ही रीत आमच्याकडे भंडाऱ्यात आहे तशी तिथे खिचड्यात आहे.

या पदार्थाचा वंश लांबचा. अरब देशांतला गहू आणि मांसाचा हरीस इराणमार्गे हिंदुस्थानात आला. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त मुदपाकखान्याच्या भागात हरीसाचं प्रमाण दिलेलं आहे: दहा शेर मांसाला पाच शेर कुटलेला गहू आणि दोन शेर तूप. निजामाच्या हैदराबादेत त्याच्याच जातीचं हलीम रुजलं आणि २०१० मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक निर्देशांक मिळाला. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होतं, आणि इंग्रजांकडे कारभार गेल्यावरही कागदोपत्री धनी निजामच राहिला. त्यामुळे पुसद-उमरखेडच्या देगाचं हैदराबादशी नातं असणं स्वाभाविक आहे. पण बादशाही मुदपाकखान्यात मांस धान्याच्या दुप्पट होतं आणि घाटंजीच्या गंजात मांस धान्याहून जरा कमीच होतं. मजुराच्या घरी मांस चवीपुरतं येतं आणि धान्य त्याला सांभाळून घेतं. आरोग्याच्या दृष्टीने पाहिलं तर मला हे दुसरं प्रमाण जास्त शहाणपणाचं वाटतं.

नागपूर-हैदराबाद महामार्गाने पांढरकवडा सोडून पाटणबोरीच्या पुढे गेलं की पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्हा लागतो. अलीकडे बाजारात तेलुगू ऐकू येते, पलीकडे मराठी. पलीकडच्या गोंड-कोलाम वस्त्यांत ज्वारीच्या भरड्याचा गटका होतो, तो आपल्या कण्यांचाच भाऊ. आणि पलीकडेच अंबाडीच्या पाल्यात कोंबडी शिजवतात. अलीकडे आपण अंबाडीची भाजी करताना तिच्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालतोच. या दोन्ही गोष्टी एका गंजात आणायला फार धाडस लागत नाही. वेगळ्या उकडून पिळलेल्या अंबाडीच्या दोन मुठी शेवटच्या पाच मिनिटांत कण्या-कोंबडीत घातल्या की लिंबाची गरज राहत नाही. मी घरी करून पाहिलं, आणि आता मला अंबाडीवालंच जास्त आवडतं.

अंबाडी कापसाच्या धुऱ्याला आपोआप उगवते किंवा दोन ओळी मुद्दाम टाकतात. पण फवारणीच्या दिवसांत बाया धुऱ्याचा पाला खुडत नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे जीव गेले. त्या सालापासून हात साबणाने धुतल्याशिवाय पिठाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा नियम मी पाहिलेल्या घरांत तरी कडक आहे. भाजी परसातली किंवा बाजारातली, शेतातली फवारा थांबून बरेच दिवस झाल्यावरच.

ज्वारी शेतातून का गेली

गंजात काय पडणार हे शेतात ठरतं, म्हणून शेताकडे वळावं लागतं. साठीच्या पुढचे शेतकरी सांगतात की एके काळी जिल्ह्यात कापूस आणि ज्वारी अशी जोडी होती. कापूस पैशासाठी, ज्वारी घरासाठी आणि कडबा बैलांसाठी. मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी भागातल्या कोलाम पोडांवरही, म्हणजे वस्त्यांवरही, मुख्य अन्न ज्वारीच.

संकरित ज्वारीचा इतिहास तर याच जिल्ह्याशी बांधलेला आहे. देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक त्याच्या आदल्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले होते आणि १९७५ पर्यंत होते. अन्नधान्यात राज्य स्वयंपूर्ण करायचं हे त्यांनी मनावर घेतलं आणि हायब्रीड ज्वारी गावोगाव पोचवली. उत्पादन वाढलं, यात शंका नाही. १९७२ च्या दुष्काळात मात्र अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढावे लागले. त्या मिलोच्या भाकरीची चव आठवणारी माणसं अजून आहेत. ती चव आठवली की तोंड वाकडं होतं.

हायब्रीडला एक खोड होती. ती लवकर पक्व होते आणि नेमकी त्याच वेळी परतीचा पाऊस आला की कणसावर बुरशी चढून दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीला भाव नाही आणि भाकरीला चव नाही. मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारं. ट्रॅक्टर आले तसे बैल घटले, आणि बैल घटले तशी कडब्याची गरज संपली. ज्वारीच्या बाजूने शेतकऱ्याच्या हिशेबात कडब्याचं पारडं मोठं होतं, तेच रिकामं झालं.

यात शेवटचा घाव रानडुकरांचा. जंगलालगतच्या शेतात रानडुकरं एका रात्रीत ज्वारीचा फड झोपवतात, रोही कोवळी धाटं खातात, आणि दाणे भरले की पाखरांचे थवे उतरतात. गावात सगळ्यांनी ज्वारी पेरलेली असते तेव्हा नुकसान वाटून जातं. एकट्यादुकट्याने पेरली तर सगळ्या पाखरांचा मोर्चा त्याच्यावर. म्हणून एकाने सोडली की शेजारी सोडतो, आणि दोन-चार हंगामांत गावातून ज्वारी नाहीशी होते. मला भेटलेल्या एका शेतकऱ्याने एवढंच सांगितलं, “राखाले मानूस नाही त पेरून काय करू?”

घरची ज्वारी गेली आणि रेशनचा तांदूळ-गहू आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर पस्तीस किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने भूक भागवली, आणि वाईट वर्षात त्याच्याशिवाय इथली घरं उभी राहिली नसती. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एक हंगाम इथे काढून पाहावा. पण लोह न मिसळलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे चोथा जेमतेम ३ ग्रॅम आणि लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी. ज्वारीत चोथा १० ग्रॅमच्या घरात आणि लोह ४ मिलिग्रॅमच्या आसपास. रोजच्या ताटात हा फरक वर्षानुवर्षं साचत जातो. आता पाण्याची सोय असलेले काही शेतकरी उन्हाळी ज्वारी घेऊ लागले आहेत. तिला परतीचा पाऊस लागत नाही, दाणा पांढरा राहतो. शहरातल्या ग्राहकाला भाकरीचं महत्त्व पटल्याने तिला भावही मिळतो. अडचण अशी, की वाढलेल्या भावाची ज्वारी वेचणीच्या मजुराला विकत घेणं त्याच भावाने अवघड होतं.

शेवटी जेवणारीच्या ताटात

मी ज्या घरी जेवले तिथे गंज उतरल्यावर पोरं, म्हातारे आणि घरधनी आधी बसले. ती आणि तिची सासू मागून. हे चित्र मला अपेक्षितच होतं. पण त्यांच्या ताटात काय पडलं ते मी मुद्दाम पाहिलं, आणि सगळ्या फिरतीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच.

रस्सा वाढताना तुकडे मोजून जातात. तंगडी पोराला, मोठा तुकडा कमावत्याला, पाहुणा असेल तर त्याला आणखी एक. शेवटी बसणारीच्या वाटीत बुडाचा रस्सा, एखादी मान, एखादा पंख. तिने कोंबडी केली, पण खाल्ली नाही, असं कित्येक घरांत होतं आणि तिला त्यात काही खटकतही नाही. कण्यांच्या गंजात मांस रेशे होऊन मिसळून गेलं की ते निवडून वाढता येत नाही. शेवटच्या पळीतही तेवढंच मांस असतं जेवढं पहिल्या पळीत. हाडं काढण्यामागे त्या बाईचा हेतू पोरांच्या घशापुरताच होता, पण तिच्या नकळत वाटणी बदलून गेली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. ज्वारीत लोह आहे खरं, पण धान्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. दाण्यातलं फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं. भिजवल्याने ते काही प्रमाणात कमी होतं, आणि त्याच घासात मांस किंवा लिंबू असेल तर धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. ज्वारीच्या प्रथिनांतही एक उणीव आहे. त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, आणि ज्वारी पाण्यात शिजवली की तिची प्रथिनं पचायला आणखी जड जातात. डाळ आणि कोंबडी या दोघींत लायसिन भरपूर. थोडक्यात, ज्वारी एकटी शिजवली तर जिथे कमी पडते, नेमकं तिथेच या गंजातल्या बाकीच्या वस्तू तिला भरून काढतात. हे लिंबू आणि ही डाळ कुणा आहारतज्ज्ञाने सांगितली नव्हती. घरात होतं ते घातलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या जे अंगाला मानवलं ते टिकलं.

यवतमाळच्या कुकरात

शहरातल्या वाचकाकडे चूल नाही, बाभळीचं लाकूड नाही आणि ढवळत बसायला वेळही नाही. माझंही तेच. कुकरमध्ये हे जेवण होतं, फक्त सगळं एकदम टाकून झाकण लावायचं नाही. दाट भरडा तळाशी चिकटतो, वाफ धरत नाही आणि करपल्याचा वास सगळ्यात उतरतो.

पाच माणसांसाठी तीन वाट्या कण्या, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, किमान सहा तास भिजवायच्या. सालासकट भरडा असेल तर रात्रीच भिजत घातलेला बरा. अर्धी ते पाऊण वाटी मूगडाळ आणि हाडांसकट अर्धा किलो कोंबडी. कुकरमध्ये फोडणी, वाटण आणि कोंबडी परतून बारा वाट्या पाणी घालायचं. कोंबडी गावरान असेल तर ती आधी एकटीच चार शिट्ट्या शिजवायची, वाफ जिरल्यावर झाकण उघडून निथळलेल्या कण्या आणि डाळ उकळत्या पाण्यात ढवळत सोडायची. मिश्रण खळखळून उकळलं की झाकण लावून मंद आचेवर चार शिट्ट्या. ब्रॉयलर असेल तर ही आधीची वेगळी फेरी नको. परतलेली कोंबडी पाणी घालण्याआधी बाहेर काढायची, कण्या आणि डाळ उकळून पाच मिनिटं ढवळल्यावर ती पुन्हा घालायची आणि मग झाकण. वाफ आपोआप जिरू द्यायची. उघडल्यावर पातळ वाटेल, दहा मिनिटांत दाट होईल. मांस सोडवून हाडं काढायची, सांबार आणि लिंबू वाढताना.

एवढ्यात माणशी पंचवीस ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने पंचावन्न किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरज ४६ ग्रॅम धरली आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक एका ताटात. मधुमेह असलेल्या घरच्यांसाठी मी कण्या अडीच वाट्यांवर आणते आणि वाल, गाजर, दुधी असं काही वाढवते. गव्हातलं ग्लुटेन चालत नाही अशांनाही ज्वारी चालते, पण गिरणीचे दगड गव्हाचेच असतात. त्यांनी भरडा घरच्या मिक्सरवर करावा.

कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची सवय आपल्याकडे पक्की आहे. उडणाऱ्या थेंबांतून जिवाणू ओट्यावर, कोथिंबिरीवर पोचतात. धुवायचीच असेल तर भांड्यात, आणि भाजी-कांदा आधी चिरून दूर ठेवून. तुकड्याच्या मध्यभागी, हाडाजवळ गुलाबी रंग राहता कामा नये. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. फ्रीज नसलेल्या घरात कण्या-कोंबडी सकाळसाठी ठेवू नये. दिवाळीच्या दिवसांतही इथली हवा उबदार असते, आणि शिजलेल्या धान्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. सकाळच्या डब्यासाठी कण्या हव्या असतील तर थोड्या भिजवलेल्या बाजूला ठेवून पहाटे पाण्यात शिजवाव्यात आणि वरून ताक घालावं.

कोंबडी आणणं जमत नाही त्या आठवड्यात हाच गंज अंड्यांवर चालतो. कण्या-डाळ मसाल्यात पूर्ण शिजवून, खदखदत असताना पाच-सहा फेटलेली अंडी बारीक धारेने सोडायची आणि सराटा सतत फिरवत ठेवायचा. अंडी धाग्याधाग्यांनी धरतात आणि सगळीकडे सारखी पसरतात. आच दोन-तीन मिनिटं तरी तशीच मोठी ठेवायची, म्हणजे अंडं कच्चं राहत नाही. लिंबू इथेही शेवटीच.